हाडांची साक्ष

वय ही माणसाच्या आयुष्यातील सर्वांत निर्विवाद गोष्ट होय, अशी सुशिक्षित समाजाची समजूत असते. आपल्या घरी मूल जन्मास आले की जन्मवेळ मिनिटांसह टिपली जाते, पत्रिका तयार होते, इस्पितळाचा दाखला येतो, आणि पुढे शाळा, परीक्षा, नोकरी या प्रत्येक पायरीवर तीच तारीख पुन्हा पुन्हा लिहिली जाते. आपणांस आपले वय सिद्ध करावे लागत नाही. आपण बोलावयास शिकण्यापूर्वीच ते कागदावर जाऊन बसलेले असते. म्हणूनच ज्याच्यापाशी असा एकही कागद नाही, जो परक्या शहरात पोलिसांपुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे उभा आहे, आणि ज्याच्या ‘मी सोळा वर्षांचा आहे’ या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही, अशा मुलाची स्थिती आपल्या कल्पनेत सहसा उतरत नाही. अशा मुलाचे वय सरकार कोणास विचारते? त्याच्या आईस नव्हे, गुरुजींस नव्हे. ते त्याच्या हाडांस विचारते. मनगट, कोपर, खांदा आणि कंबर यांची क्ष-किरणांनी चित्रे घेतली जातात, दात मोजले जातात, आणि जो आकडा कागदावर उतरतो तो त्या मुलाचे भवितव्य ठरवितो.

या साक्षीवर आमचा विश्वास नाही, आणि तो का नाही हे येथे सांगावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: स्थलांतरित मुलाचे वय त्याच्या गावी असते, ते तेथून मागविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य न करता मुलाच्या हाडांस साक्षीस बोलाविणे हा शास्त्राचाही अपमान आहे आणि न्यायाचाही.

आम्ही हे जऊळक्याहून लिहीत आहोत. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव अकोला-पूर्णा लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक आहे. सोयाबीनची काढणी आटोपली की या भागातील भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबे वाट धरतात. कोणी उसाच्या फडाकडे, कोणी वीटभट्टीकडे, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांकडे. मुकादमाची उचल आधीच घरात खर्च झालेली असते; ती फेडण्यास नवरा-बायकोचे श्रम अपुरे पडले की मुलगाही हाताखाली घेतला जातो. गावात असेपर्यंत या मुलाचे वय सर्वांस ठाऊक असते. अंगणवाडीच्या वहीत त्याचे वजन आहे, शाळेच्या रजिस्टरात त्याची तारीख आहे, ग्रामपंचायतीच्या दप्तरात बहुधा नोंद आहे. ‘मोठी गाडी सुरू झाली त्या साली, पोळ्याच्या आधी’ असे त्याची आई सांगते. या मार्गावर मीटरगेज जाऊन रुंद रूळ आले ते २००८ साली, हे येथे कोणासही माहीत आहे. परंतु तोच मुलगा गाडीत बसून दोनशे कोस गेला की ही सारी साक्ष मागे राहते. तेथे तो केवळ एक राबणारा देह असतो, आणि देहाचे वय देहावरूनच काढावयाचे असा नियम त्यास लागू होतो.

या आकड्यावर काय काय अवलंबून आहे ते पाहावे. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीपासून चौदा ते अठरा या वयातील मुलांस धोक्याच्या कामांवर ठेवणेही गुन्हाच आहे. मालक आणि निरीक्षक यांच्यात मुलाच्या वयाविषयी वाद पडला आणि दाखला नसला, तर १९८६ च्या बालकामगार कायद्यानुसार तो वाद वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातो. अपराधाचा आरोप असेल तर प्रश्न अधिकच तीव्र होतो. अठरा पूर्ण असतील तर मोठ्यांचे न्यायालय आणि मोठ्यांचा तुरुंग. अठराच्या आत असेल तर बाल न्याय मंडळ. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ही आणखी एक सीमा घातली आहे: सोळा ते अठरा या वयात अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो. चौदा, सोळा आणि अठरा अशा दोन-दोन वर्षांच्या अंतरावर कायद्याने तीन दारे बसविली आहेत. आता हाडांची साक्ष किती सूक्ष्म असते ते पाहू.

१९८२ साली जयामाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंस दोन-दोन वर्षांची चूक संभवते. म्हणजे ‘सुमारे सतरा’ असा अहवाल आला, तर ते मूल पंधरा वर्षांचे असू शकते आणि एकोणीसचेही. पंधराचे असेल तर कायद्याचे पूर्ण संरक्षण, सतराचे असेल तर ते संरक्षण डळमळीत, आणि एकोणीसचे असेल तर काहीच नाही. तीन दारे दोन-दोन वर्षांच्या अंतरावर, आणि मोजपट्टीचा दोष एकूण चार वर्षांचा! अशा मापाने कापड मोजणाऱ्या दुकानदाराकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. परंतु मुलांचे आयुष्य मोजण्यास तेच माप आपणांस पुरेसे वाटते.

येथे शास्त्राचा कैवार घेऊन कोणी म्हणेल की हे वैद्यकावर केलेले आंधळे आक्रमण आहे. तसे मुळीच नाही. हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा वाढीच्या वयात क्रमाक्रमाने हाडास सांधली जाते, कोपर आधी, मनगट नंतर, आणि गळ्याखालच्या हाडाचे आतले टोक तर विशीनंतर, हे ज्ञान खरे आहे. मुलाची वाढ खुंटली आहे काय, त्यास उपचार हवे आहेत काय, हे पाहण्यास ते उत्तम आहे. परंतु हे ज्ञान परिपक्वतेचे आहे, जन्मतारखेचे नव्हे. मुलींची हाडे मुलांच्या आधी सांधतात. एकाच आईची दोन मुले निरनिराळ्या वयात वाढतात. उपासमारीत वाढ मागे पडते, आणि रोगानेही तिचा क्रम बदलतो. जगभर ज्या चित्रसंग्रहाशी मनगटाचे छायाचित्र ताडून पाहतात, तो ग्रॉयलिख आणि पाइल यांचा संग्रह १९५० साली प्रसिद्ध झाला व १९५९ साली सुधारला गेला. त्यातील मुले अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरची, गोऱ्या आणि सुखवस्तू घरांतील, १९३१ ते १९४२ या काळात तपासलेली. आपल्याकडे वैद्यक-न्यायशास्त्राच्या ग्रंथांत ज्यांचा आधार घेतात त्या कोष्टकांपैकी गाल्स्टॉन यांचे कोष्टक १९३७ सालचे आहे. वाशिमच्या तांड्यावरील किंवा बिहारमधील एखाद्या खेड्यातील मुलाने क्लीव्हलंडच्या त्या मुलांप्रमाणे वाढावे, हा आग्रह शास्त्राचा नाही. तो शास्त्र हाती घेतलेल्या आळसाचा आहे. ते चित्रसंग्रह करणाऱ्यांनी मुलांचे आरोग्य पाहण्यासाठी ते केले. तुरुंगाचे दार उघडण्याची किल्ली म्हणून नव्हे.

तथापि मोजमापाच्या दोषापेक्षा मोठा दोष दुसराच आहे, आणि तो महाराष्ट्रातील एका खटल्याने जगापुढे मांडला आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका कुटुंबातील पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची निर्घृण हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. या अपराधाच्या क्रूरतेविषयी एक शब्दही कमी करण्याची आमची इच्छा नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखास सीमा नाही. या प्रकरणी जे पकडले गेले त्यांत राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी आलेला एक मुलगा होता. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. मुलाची ओळख उघड करू नये असे कायदाच सांगतो. त्यास प्रौढ समजून खटला चालला, १९९८ साली फाशीची शिक्षा झाली, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे २००५ साली त्याची वैद्यकीय तपासणी झाली. तिने काय सांगितले? त्याचे वय बावीसच्या वर आणि चाळीसच्या आत आहे, एवढेच. अठरा वर्षांचे हे अंतर! म्हणजे घटनेच्या वेळी तो अकरा वर्षांचाही असू शकत होता आणि एकोणतीस वर्षांचाही. ही हाडांची साक्ष.

आणि कागदाची साक्ष? ती त्याच्या गावच्या शाळेत होती. शाळेच्या रजिस्टरात त्याचा जन्म १९८२ साली झाल्याची नोंद होती. म्हणजे घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून हेच सांगितले, आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य करून त्याच्या सुटकेची आज्ञा दिली. तेव्हा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून जो मनुष्य बाहेर पडला त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ बंदिवासात काढला होता, आणि त्यातील बहुतेक काळ फाशीच्या छायेत. बाल अपराध्यास कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते.

या खटल्यात वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी असे आम्हांस वाटते. ते रजिस्टर कोठेही हरवले नव्हते. कोणी ते दडविलेही नव्हते. पुण्याहून एक पत्र, एक हवालदार, एक तार गेली असती तर ते उत्तर देण्यास सिद्ध होते. परंतु शहराच्या दप्तरात मुलाचे नाव एक लागले होते, गावच्या शाळेत दुसरे होते. आणि परगावच्या गरीब मुलाच्या नावाचा असा घोळ निस्तरण्याची निकड कोणासही वाटली नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाचे वय नाहीसे होत नसते. ते केवळ दुसऱ्या जिल्ह्यात असते.

आपला कायदा या बाबतीत मुका नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमाने क्रम ठरवून दिला आहे: प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मंडळाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांचा जन्मदाखला, आणि ही दोन्ही नसतील तरच अस्थिपरीक्षा. परंतु ‘नसतील’ या शब्दाचा अर्थ काय? मुलाच्या खिशात नसतील की जगात नसतील? आमच्या मते संपूर्ण वादाचे मर्म या एका शब्दात आहे. परगावी पकडलेल्या मुलाच्या खिशात शाळेचा दाखला असेल ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. शोध न करता ‘कागद नाही’ असा शेरा मारणे म्हणजे कायद्याने तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेल्या उपायास पहिल्या आसनावर नेऊन बसविणे होय. अस्थिपरीक्षा पंधरा दिवसांत उरकावी असे कायदा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पंधरा दिवस ही गावचा कागद न मागविण्याची सबब होऊ शकत नाही. दूरध्वनीच्या या काळात जऊळक्याच्या शाळेतील रजिस्टराचे पान मुंबईस पोहोचण्यास पंधरा मिनिटे पुरतात.

येथे आणखी एक उणीव सांगणे अवश्य आहे. २००७ च्या नियमांत असे स्पष्ट वाक्य होते की, नेमके वय ठरविता येत नसेल आणि तसे करणे अवश्य वाटले, तर एका वर्षाच्या मर्यादेत कमी वय धरून मुलास लाभ द्यावा. २०१५ च्या कलमात ते वाक्य उरले नाही. सीमेवरच्या प्रकरणी कल मुलाच्या बाजूने असावा हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली राजिंदर चंद्र यांच्या खटल्यात सांगितले आहे. परंतु जे न्यायाधीशाच्या औदार्यावर सोडले जाते आणि जे कायद्यात लिहिले जाते, या दोहोंत गरिबाच्या दृष्टीने फार अंतर असते.

मुलींच्या बाबतीत तर ही मोजपट्टी उलट बाजूनेही कापते. कुंटणखान्यातून सोडविलेल्या परप्रांतीय मुलींचा प्रश्न २००२ साली ‘प्रेरणा’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला, तेव्हाही सारी मदार कोण अठराच्या आत आणि कोण बाहेर यावरच होती. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठरविले की अत्याचारपीडित मुलीचे वय अस्थिपरीक्षेवरून काढल्यास तिची वरची मर्यादा धरावी, तीत आणखी दोन वर्षे मिळवावी, आणि लाभ आरोपीस द्यावा. संशयाचा लाभ आरोपीस हे तत्त्व जुने आणि आदरणीय आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु याचा परिणाम असा की सोळा वर्षांची मुलगी क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन एकोणीस वर्षांची होऊन बाहेर येऊ शकते. म्हणजे हाडे मुलावर अन्याय करतात तेव्हा त्यास प्रौढ ठरवून तुरुंगात पाठवितात, आणि मुलीवर करतात तेव्हा तिला प्रौढ ठरवून तिच्यावरील अत्याचाराचे रूप बदलतात. दोघांचेही रक्षण एकाच ठिकाणी आहे: गावच्या कागदात.

हा प्रश्न केवळ आपला नाही, आणि पाश्चात्त्यांनी तो सोडविला आहे असेही नाही. किंबहुना या प्रथेचा कटू अनुभव आपल्याच उपखंडाने पूर्वी घेतला आहे. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये राबणाऱ्या बापाकडे जाऊ पाहणाऱ्या भारत, पाकिस्तान व बांगलादेशातील मुलांची हाडे आणि दात ब्रिटिश अधिकारी क्ष-किरणांनी तपासवीत, बापाच्या शब्दावर भरवसा नाही म्हणून. डॉक्टरांनी विरोध केला. रोग नसता मुलाच्या अंगावर किरण सोडणे हे वैद्यकाच्या धर्मात बसत नाही, असे ते म्हणाले. आणि १९८२ साली ती प्रथा बंद झाली. २०२२ च्या कायद्याने ब्रिटनने तेच दार पुन्हा किलकिले केले. त्याच वर्षी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इटलीविरुद्ध निकाल दिला: गांबियाहून आलेल्या एका मुलास मनगटाच्या चित्रावरून प्रौढ ठरवून चार महिन्यांहून अधिक काळ मोठ्यांच्या छावणीत ठेवले होते, आणि अहवालात चुकीची मर्यादाही लिहिली नव्हती. न्यायालयाने म्हटले की वय हा माणसाच्या खासगी जीवनाचा, त्याच्या ओळखीचा भाग आहे. त्याविषयीचा निर्णय संरक्षणाच्या रीतीवाचून घेता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्कांचा करार आपल्या देशाने १९९२ साली स्वीकारला. मुलाची जन्मनोंद, त्याची ओळख आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे ही त्यातील बंधने आहेत. आणि संशय उरल्यास त्याचा लाभ मुलास द्यावा, असे त्या कराराच्या समितीने २००५ साली सांगून ठेवले आहे.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे असे: कागद खोटे असतात. गुरुजी प्रवेशाच्या वेळी १ जून लिहून मोकळे होतात. आधारपत्रावर पाहिजे ते वय घालता येते. पंचवीस वर्षांचे धटिंगण स्वतःस सतराचे म्हणवितात. यातील पहिले विधान खरे आहे. महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेले इतके लोक आहेत की त्या दिवशी आभाळातून माणसांचा पाऊस पडला असावा. आधारपत्र हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे तर सर्वोच्च न्यायालयानेच ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटले आहे. परंतु गुरुजींनी पहिलीत आलेल्या मुलास पाहून लिहिलेले १ जून एखाद्या वर्षाने चुकेल. क्ष-किरण चार वर्षांच्या पट्ट्यात भटकतो. आईची ‘मोठी गाडी सुरू झाली त्या साली, पोळ्याच्या आधी’ ही स्मृतीदेखील त्याहून नेमकी आहे. कागद खोटा असेल तर तो तपासता येतो, दुसऱ्या कागदाशी ताडता येतो, लिहिणाऱ्यास प्रश्न विचारता येतो. हाडास उलटतपासणी नाही. राहिला प्रश्न धटिंगणाचा. काही खोटे बोलणारे सुटतील हे आम्ही मान्य करतो. परंतु पंचविशीतला मनुष्य काही काळ बालगृहात राहिला तर ती चूक ध्यानात येताच त्यास हलविता येते. साडेबारा वर्षांचा मुलगा अठ्ठावीस वर्षे तुरुंगात राहिला तर ती चूक कोण आणि कशी दुरुस्त करणार?

बनावट दाखल्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणे थांबवून चौकशी बसविली, त्यामागे हीच काळजी होती. परंतु ज्याची नोंद बाप फडावर असल्यामुळे वेळेवर झाली नाही, त्याचे दार त्याबरोबर बंद होऊ नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांस शाळाप्रवेशापासून बहुतेक कामांसाठी जन्मदाखला हाच आधार झाला आहे. कागदाचे महत्त्व वाढवावयाचे आणि गरिबास तो मिळणे कठीण करावयाचे, या दोहोंचा परिणाम एकच: आणखी मुले क्ष-किरणांच्या खोलीकडे.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. अस्थिपरीक्षेची आज्ञा देण्यापूर्वी मंडळाने किंवा समितीने मुलाच्या गावी कोणास, कोणत्या दिवशी विचारले आणि काय उत्तर आले हे लेखी नोंदवावे. अशी नोंद नसेल तर आज्ञा अवैध समजावी. वैद्यकीय अहवालात एक आकडा न लिहिता संपूर्ण मर्यादा लिहावी, आणि बालकाच्या संरक्षणाचा प्रश्न असेल तेथे कमी वय धरावे, हे २००७ चे वाक्य पुन्हा कायद्यात यावे. मुलास त्याच्या भाषेत समजावल्याशिवाय आणि त्याची संमती घेतल्याशिवाय तपासणी होऊ नये. वय ठरविण्याच्या नावाखाली कोणत्याही मुलीस विवस्त्र करू नये. आणि हंगामासाठी गाव सोडणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर शाळेने त्याच्या नोंदीची एक प्रत द्यावी. एक पान कागद, अधिक काही नाही.

हे मासिक ज्यांच्या घरी येते त्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत. सरकारने काही करण्याची वाट पाहण्याचे त्यांस कारण नाही. परजिल्ह्यातून एखाद्या मुलाविषयी विचारणा आली तर मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी रजिस्टर उघडावे. क्ष-किरणांचे चित्र समोर आले तर डॉक्टरांनी जेवढे दिसते तेवढेच लिहावे, आणि जे दिसत नाही ते दिसत नाही असे लिहिण्याचे धैर्य दाखवावे. आणि वकिलांनी परगावच्या मुलाचे वकीलपत्र घेतले तर पहिला प्रश्न त्याच्या अपराधाविषयी विचारू नये. ‘तुझी शाळा कोणती, बाळ?’ असे विचारावे.